झटका मशीनचा पॅनल वावधनात उडू नये, असा घरचा स्टँड

भाऊ, तुमची अडचण थोडक्यात अशी. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, झटका मशीनसाठी (रानडुकरं रोखायला कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं मशीन) ४० वॅटचा सोलर पॅनल बांबूला बांधून ठेवला होता. मागच्या मे महिन्यातल्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, तो बांबूसकट उपटला, शेजारच्या वावरात जाऊन पडला आणि काच फुटली. आता नवा ४० वॅटचा आणला आहे, आणि कोठ्यावर (जनावरांच्या गोठ्यावर) बल्ब-पंख्यासाठी १०० वॅटचा बसवायचा आहे. दोन्हींचे स्टँड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून, घरी पडलेल्या लोखंडातून करून घ्यायचे आहेत. लोखंडी अँगल कोणता घ्यावा, खड्डा किती करावा, कोन किती ठेवावा, हे तुम्ही विचारलं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात वेल्डिंगचं दुकान चालवतो आणि बारा-तेरा वर्षांपासून वावरातले छोटे पॅनल बसवतो. अँगल आणि कोन यांचं उत्तर सोपं आहे. खड्ड्याचं तेवढं सोपं नाही, आणि तुमचा पॅनल जमिनीनंच सोडला. म्हणून मी तिथंच जास्त बोलणार आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपल्याकडे घरोघरी कूलरचा लोखंडी स्टँड असतो. उन्हाळा संपला की तो रिकामा पडतो, आणि बरेच जण त्याच्यावरच पॅनल ठेवून तारेनं बांधतात. स्टँड मजबूत आहे, कूलरचं एवढं ओझं पेलतो, मग आठ किलोचा पॅनल का पेलणार नाही, असा हिशोब असतो. पण कूलर जागेवर राहतो तो पोटातल्या पन्नास-साठ लिटर पाण्यामुळे. पॅनलला वजनच नाही. ४० वॅटचा पॅनल साडेतीन किलोच्या आसपास भरतो, १०० वॅटचा आठच्या आसपास. तेवढं ओझं तर तुमचा बांबूही वर्षानुवर्षं धरून बसला असता. पॅनलच्या स्टँडचं खरं काम पॅनलला खाली धरून ठेवण्याचं आहे. पतंगाची दोरी जे काम करते, तेच.

वारा किती जोर लावतो ते आकड्यात बघा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ आहे. त्याच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. दरवर्षी एवढा वारा येत नाही. पण वादळी पावसाचा एखादा झोत मोठी झाडं आडवी करून जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेगाला समोरून दाब पडतो चौरस फुटाला जवळपास ११ किलो. ४० वॅटचा पॅनल साधारण तीन चौरस फुटांचा असतो, म्हणजे ३३ किलो. १०० वॅटचा सात चौरस फुटांचा, म्हणजे ८० किलोच्या जवळपास. तिरप्या पत्र्याखाली वारा शिरला की याहून जास्त जोर येऊ शकतो, म्हणून मी दीडपट धरतो: ४० वॅटला ५० किलो, १०० वॅटला १२०. साडेतीन किलोच्या पॅनलला ५० किलोनं कोणी वर ओढतं आहे, असं समजून सगळं करायचं. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून 'एरवी तर हलतसुद्धा नाही' या बोलण्याला अर्थ नाही.

आता जमीन. तुमचं वावर कापसा-तुरीचं म्हणजे काळी, भारी जमीन असणार असं धरून चालतो. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे मध्ये तिला एवढ्या भेगा पडतात की चप्पल अडकते. खांब जमिनीत उभा राहतो तो बाजूच्या मातीनं त्याला आवळून धरल्यामुळे. पण काळी माती मे महिन्यात खांबाला सोडून मागे सरकते, आणि आपल्याकडचे मोठे वादळी वारे नेमके मे आणि जूनच्या सुरुवातीला येतात. ज्या महिन्यात पकड सगळ्यात जास्त हवी, त्याच महिन्यात ती सगळ्यात कमी असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक खांब दीड फूट खड्ड्यात, दगड ठोकून, वर सिमेंट ओतून उभा केला होता. डिसेंबरमध्ये बैलानं धडक दिली तरी हलला नाही. मे महिन्यात शेतकऱ्यानं बोलावलं, तर खांब तिरपा झालेला आणि सिमेंटच्या गोळ्याभोवती चहूकडून बोट जाईल एवढी फट. गोळा मातीत नुसता उभा होता, जबड्यातल्या हलत्या दातासारखा. त्या दिवसापासून मी दीड फुटाचा खड्डा काळ्या जमिनीत कधीच केला नाही.

तुमच्या ४० वॅटच्या खांबासाठी खड्डा सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि निदान अडीच फूट खोल घ्या. खणताना मुरूम लागला तर त्यात अर्धा फूट आणखी उतरा. मुरूम फुगत नाही आणि आकसतही नाही, तिथं रुतलेला खांब हलत नाही. मुरूम पाच फुटांवरही लागणार नसेल, तर खोल जाण्यापेक्षा तळाला खड्डा चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त कोरा, म्हणजे खाली रुंद आणि वर अरुंद, मडक्यासारखा. मग उन्हाळ्यात बाजूची माती सुटली तरी खालच्या रुंद भागावर मातीचा भार राहतो आणि गोळा सरळ वर उपटत नाही. खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत करू नका, सब्बलचे वार तसेच राहू द्या.

काँक्रीट एक-दोन-चारचं: एक घमेलं सिमेंट, दोन रेती, चार गिट्टी. एवढ्या खड्ड्याला पाऊण पोतं सिमेंट लागतं, तळ कोरला तर पूर्ण एक. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास असतं, त्या हिशोबानं तुमचा गोळा अडीचशे किलोच्या वर जातो. पन्नास किलोच्या ओढीला हे खूप वाटेल, पण सात फूट उंचीवरून वारा खांबाला आडवाही ढकलतो, आणि तिथं हे वजन कामी येतं. पाणी बेतानं घाला. पातळ काला ओतायला सोपा असतो, पण वाळल्यावर तो भुसभुशीत होतो. पाईपचं तळाकडचं टोक नुसतं घालू नका. त्याला दोन ठिकाणी आरपार भोक पाडून दहा एमएमच्या सळईचे फूटभर तुकडे आडवे घाला किंवा वेल्ड करा, म्हणजे पाईप काँक्रीटमध्ये फिरणार नाही आणि निसटणार नाही. काँक्रीटचा वरचा भाग जमिनीच्या तीन-चार इंच वर काढा आणि खांबापासून बाहेर उतार द्या. पाईप कुजतो तो जमिनीच्या पातळीवर, जिथं पाणी आणि खत साचतं. आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा, आणि त्या आठवड्यात पॅनल चढवू नका. मला माहीत आहे, रानडुकरं आठवडाभर थांबत नाहीत. तेवढे दिवस रात्रीची जागल करा, नाहीतर बॅटरी घरून चार्ज करून न्या.

खांबासाठी दीड इंची जीआय पाईप (जस्ताचा थर दिलेला), बी क्लास. ए क्लास पातळ असतो, तो घेऊ नका. पाईपची अख्खी लांबी वीस फूट येते, ती मधून कापली की दोन खांब होतात: अडीच-तीन फूट जमिनीत, सात फूट वर. एक तुम्हाला, एक शेजाऱ्याला. १०० वॅटचा पॅनल कधी खांबावर घ्यायचा झाला तर मात्र दोन इंची पाईप लागेल. बोअरमधून काढलेला जुना पाईप चालतो, पण आधी हातोड्यानं पूर्ण लांबीवर वाजवून बघा. जिथं आवाज बद येतो तिथं तो आतून खाल्लेला असतो. वरचं तोंड वेल्डिंगनं किंवा टोपणानं बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी आत साचेल आणि गांधीलमाश्या घर करतील.

बांबू आणि लाकडी बल्लीबद्दल स्पष्ट सांगतो. बांबू ताणाला चांगला असतो, पण जमिनीतला भाग उधई (वाळवी) एक-दोन पावसाळ्यांत पोकळ करते आणि वरून काहीच दिसत नाही. तुमच्या उपटलेल्या बांबूचा खालचा भागही तपासून बघा.

खांबाच्या डोक्यावर काय करायचं ते आता. सहा एमएम जाडीची सहा इंच बाय सहा इंच प्लेट पाईपवर वेल्ड करा आणि चारी बाजूंनी त्रिकोणी तुकडे लावा. नुसत्या गोल वेल्डवर विसंबू नका, वाऱ्यानं सारखं हलून हलून तडा तिथंच जातो. पॅनलसाठी २५ बाय २५ बाय ३ एमएमच्या अँगलची चौकट करा. हा अँगल मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो आणि ४० किंवा १०० वॅटला पुरतो. चौकट करताना पॅनल समोर ठेवा. पॅनलच्या अॅल्युमिनियमच्या कडेला मागून कंपनीनंच भोकं पाडलेली असतात, त्यांची मापं घेऊन तशीच भोकं अँगलला पाडा. उलट करू नका, म्हणजे पॅनलच्या कडेला ड्रिल लावू नका. कडेच्या आत काच जवळ असते. ती कडक केलेली काच आहे, एका कोपऱ्याला टोचलं तरी पूर्ण पॅनलभर जाळं होतं. वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि चौकटीला पॅनल वेल्ड करण्याचा विचारसुद्धा नको. पॅनल उघडा जवळ ठेवून वेल्डिंगही करू नका, ठिणग्यांनी काचेवर बारीक खड्डे पडतात.

चौकट प्लेटवर दोन बिजागऱ्यांसारखी बसवा: एका बाजूला बोल्टवर फिरती, दुसऱ्या बाजूला टेकू म्हणून लोखंडी पट्टी. त्या पट्टीला तीन भोकं पाडा. पॅनल किती उचलायचा ते कोनमापकाशिवाय असं काढा. पॅनलची उताराकडची लांबी एक मीटर असेल, तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा १७ सेंटीमीटर वर घेतली की १० अंश होतात, ३४ वर घेतली की २० अंश, ५७ वर घेतली की ३५. लांबी ६७ सेंटीमीटर असेल, तर याच्या दोन तृतीयांश घ्या, म्हणजे २० अंशाला २३ सेंटीमीटर. विदर्भ साधारण २० ते २१ अक्षांशावर आहे, म्हणून वर्षभर एकाच जागी ठेवायचा झाला तर २० अंश बरोबर. हरभरा राखायला हिवाळ्यात झटका मशीन जास्त चालवत असाल, तर दिवाळीनंतर ३५ वर करा आणि होळीला परत २० वर आणा. नाही केलं तरी काही अडत नाही. लोक कोनावर जेवढं डोकं खपवतात तेवढी त्याची किंमत नाही. आपल्या अक्षांशावर पॅनल पूर्ण आडवा ठेवला तरी वर्षभराचा तोटा दहा टक्क्यांच्या आत राहतो. पण आडवा ठेवू नका, कारण दुसरं आहे: खालच्या कडेला धूळ आणि पाणी साचून चिखलाची पट्टी बसते आणि ती खालच्या ओळीतले सेल झाकते. निदान दहा अंश उतार हवाच, म्हणजे पाऊस स्वतः पॅनल धुतो.

एक जण मला म्हणाला, मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावरून उत्तरेला जातो, मग पॅनल दक्षिणेला कसा चालेल? बरोबर पाहिलं त्यानं. मे महिन्याच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत आपल्याकडे दुपारी सावली पायाखाली जाते आणि पुढे जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण तो फरक दोन-तीन अंशांचा, २० अंशाच्या पॅनलचं त्यानं फारसं बिघडत नाही. हिवाळ्यात मात्र तोच सूर्य दुपारीसुद्धा जेमतेम ४५-४६ अंशांवर येतो. म्हणून तोंड दक्षिणेलाच.

दक्षिण कशी काढायची? मोबाईलचा होकायंत्र चालतो, आपल्या भागात चुंबकीय आणि खऱ्या दिशेत फरक एक अंशापेक्षाही कमी आहे. पण तो लोखंडी खांबापासून आणि मोटरसायकलपासून दहा पावलं लांब उभं राहून बघा. त्यापेक्षा खात्रीची जुनी रीत आहे: सपाट जागी काठी सरळ रोवा, सुतळीनं तिच्याभोवती एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथं शिवेल तिथं खूण करा, दुपारनंतर ते पुन्हा जिथं शिवेल तिथं दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली, तिच्या काटकोनात दक्षिण. घड्याळात बारा वाजता सूर्य दक्षिणेला असतो असं मात्र धरू नका. यवतमाळ-वर्ध्याकडे तो वर्षभरात बारा ते साडेबाराच्या मध्ये केव्हाही तिथं येतो. आणि दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झालं तरी मनाला लावून घेऊ नका, दोन टक्केही फरक पडत नाही.

सावली मात्र मनाला लावून घ्या. पॅनलमधले ३६ सेल साखळीसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एका सेलवर पळसाचं पान पडलं तरी त्या ओळीचा करंट अडतो, अर्धा पॅनल बसतो, छोट्या पॅनलमध्ये कधी पूर्णच. ऑगस्टमध्ये वावर उघडं दिसतं, पण नोव्हेंबरात तूर डोक्याच्या वर जाते. सात फूट उंची मी त्यासाठीच सांगितली. झाडाचा हिशोब असा: डिसेंबरमध्ये भर दुपारी झाडाची सावली त्याच्या उंचीएवढी पडते, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला जवळपास दुप्पट. म्हणून आग्नेयेपासून नैर्ऋत्येपर्यंत जे झाड असेल त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. धुऱ्यावरची बाभूळ उत्तरेला असेल तर खुशाल असू द्या. आणि खांब उभा करताना वर बघा. धुऱ्यावरून विजेच्या तारा जात असतील तर तिथं दहा फुटी पाईप उभा करायचाच नाही. हातातला पाईप तारेला लागून माणसं गेली आहेत.

आता कोठा. आधी कोठ्याची टिनं कशानं धरली आहेत ते बघा. बल्ल्यांवर पत्रे नुसते ठेवून वर दगड मांडले असतील, तर तिथं पॅनल नको. पत्राच उडतो तिथं पॅनल काय राहणार, आणि खाली जनावरं बांधलेली. मग कोठ्याच्या बाजूला दोन इंची खांब करा, सव्वा फुटाच्या जागी दीड फूट आणि अडीच फुटाच्या जागी तीन फूट खड्डा घेऊन, तळ कोरून.

पत्रे हुक बोल्टनं आडव्या पाईपला किंवा बल्लीला आवळलेले असतील, तर वर बसवता येईल. पण स्क्रू नुसत्या पत्र्यात मारायचा नाही. अर्ध्या एमएमचा पत्रा स्क्रूला धरत नाही, दोन-चार वादळांत भोक मोठं होऊन स्क्रू वर येतो. दोन अँगल पत्र्यावर आडवे घाला आणि ते हुक बोल्टनं थेट खालच्या आडव्या पाईपला आवळा. भोक पत्र्याच्या फुगवट्यावर पाडा, नाळीत कधीच नाही. नाळीतून पाणी वाहतं, तिथं भोक म्हणजे गळती. प्रत्येक बोल्टखाली डांबरी किंवा रबरी वायसर हवा. पॅनल पत्र्याच्या कडेपासून निदान फूट-दीड फूट आत घ्या, छपराच्या कडेला आणि कोपऱ्यावर वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते.

छपराचा उतार दक्षिणेला असेल, तर पॅनल त्याच उतारात समांतर बसवा, मागून उचलू नका. छपरावर उचललेला पॅनल म्हणजे शीड. उतार पूर्व-पश्चिमेला असला तरी समांतरच ठेवा, थोडं उत्पादन सोडा. पण पत्रा आणि पॅनल यांच्यात चार ते सहा इंच मोकळी जागा हवी. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आपल्याकडेही फार मागे नाही. उन्हात सेल हवेपेक्षा २५-३० अंश जास्त तापतो, म्हणजे ७० अंशांवर जातो. साध्या सिलिकॉन पॅनलचं उत्पादन २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास घटतं. म्हणजे १०० वॅटमधले अठरा वॅट नुसते उष्णतेत गेले. पॅनल तापल्या टिनावर चिकटवून ठेवला तर आणखी जातील.

स्लॅबचं घर असेल तर स्लॅबला भोक पाडू नका, पुढच्या पावसाळ्यात गळतो. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्या काँक्रीटनं भरा, मधे बोल्ट उभा ठेवून. एक बादली ४८ किलोची होते, चार पायांना चार म्हणजे १०० वॅटला पुरेसं झालं.

लोखंड आणि अॅल्युमिनियम थेट एकमेकांना लागू देऊ नका. पावसात त्या जागी अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे मधे घाला, बोल्ट स्टीलचे, सहा एमएमचे, नट आत नायलॉन असलेले, म्हणजे कंपनानं सैल होत नाहीत. पॅनल चारही भोकांत बांधा. दोन भोकांत बांधून 'एवढ्यानं भागतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. काळ्या अँगलला आधी घासून रेड ऑक्साईड, मग ऑईल पेंटचे दोन हात. जीआय पाईपवर वेल्डिंग करायचं तर वेल्डिंगच्या जागेचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं काढायला सांगा आणि काम उघड्यावर करायला लावा. त्याच्या पांढऱ्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो, मी स्वतः भोगलं आहे. वेल्डनंतर तिथं जस्ताचा स्प्रे किंवा रंग द्या, गंज तिथूनच सुरू होतो.

वायरबद्दल थोडंच. बॅटरी पॅनलच्या जवळ ठेवा. १०० वॅटचा पॅनल साडेपाच अँपिअर देतो, आणि वीस मीटर लांब अडीच स्क्वेअरच्या वायरमध्ये दीड व्होल्टच्या वर वाटेतच जातात. वायर सोलरची घ्या किंवा साधी पाईपमधून न्या, उघड्या उन्हात साध्या वायरचं कवच तडकतं आणि उंदीरही कुरतडतात. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. जोडणी करताना पॅनलवर गोणपाट टाकून ठेवा.

खांबाला अर्थिंग द्या, चार-पाच फुटांची सळई ओलसर जागी ठोकून. झटका मशीनची अर्थिंग वेगळी, लांब ठेवा. कुंपणाची तार पॅनलच्या खांबाला बांधू नका, अगदी इन्सुलेटर लावूनही. पावसात झटका खांबात उतरतो आणि पॅनल पुसायला गेलेल्या पोराला बसतो. मशीनचा झटका सेकंदाला एकदा, क्षणभरासाठी येतो, म्हणून माणूस आणि जनावर दचकून मागे सरकतात आणि वाचतात. घरच्या लाईनची वायर थेट कुंपणाला जोडणं ही वेगळीच गोष्ट आहे. त्यानं माणूस तारेला चिकटून मरतो आणि लावणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. पॅनल फुटलेल्या दिवसांत कोणी तसा सल्ला दिला असेल, तर तो कानाआड करा.

वानरांचं म्हणाल तर त्यांना सपाट उंच जागा आवडते. खांबाला पाच फुटांवर बाभळीच्या काट्यांची झुडपी आवळून बांधा, बऱ्यापैकी काम होतं. चोरासाठी चारपैकी दोन नटांवर वेल्डिंगचा एक-एक थेंब द्यायला लावा, पॅनल ओल्या गोणपाटानं झाकून. सगळ्या चारांवर नको, उद्या पॅनल बदलायचा झाला तर तुम्हालाच ग्राइंडर लागेल.

गारपिटीची काळजी स्टँडमध्ये करता येत नाही. चांगल्या पॅनलची काच २५ एमएमच्या गारेसाठी तपासलेली असते, त्याहून मोठी गार आली तर नशीब. पुसायला मऊ कापड आणि साधं पाणी, तेही सकाळी. भर दुपारी तापल्या काचेवर बोअरचं गार पाणी ओतू नका.

वर्षातून एकदा, अक्षय तृतीयेच्या सुमारास, दहा नंबरचा पान्हा घेऊन सगळे नट आवळून बघा आणि काँक्रीटच्या गोळ्याभोवती फट पडली आहे का ते बघा. पडली असेल तर त्यात काळी माती भरू नका, ती पावसात फुगून खांबाला एका बाजूला रेटते. मुरूम किंवा बारीक गिट्टी भरून सब्बलनं ठासा.

आधी धुऱ्यावरचा खड्डा खणा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते कळवा. सहा इंचांचा फरक असला तरी पाईप कापण्याआधी मला सांगा.